दोर कुणीही ओढायचा नाही

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी ६.४०. नांदेड.

अंगणात बसून सिलिंडरचा काटा तपासत होतो. सि. १ मध्ये हवा शून्य. काल मी स्वतः सोडून दिली. तरी काटा १५० वर. टिचकी मारली की ९०. पुन्हा मारली की १२०. परवा गण्या याच काट्याच्या भरवशावर आत गेला होता.

रविवारचं पंचनाम्यासारखं लिहून ठेवतो, कारण घरात आतापासूनच वेगळं सांगणं सुरू झालं आहे.

रेणापूरजवळची वाडी. बाबाराव थोरले, व्यंकटराव धाकटे, सख्खे भाऊ, बोलणं बंद. दोघांच्या दोन विहिरी, मधे बांध. त्यांच्या वडिलांनी दोन्ही विहिरी जोडणारा ऐंशी फुटांचा बोगदा पाडला होता, दोघांना पाणी सारखं राहावं म्हणून. दोन्हीकडून एकदम खणायला घेतलं आणि मधे हातभर चुकलं, त्यामुळे बोगदा मधोमध वाकडा आहे. व्यंकटरावांनी आपली मोटर गुपचूप त्या बोगद्यात सरकवली, भावाच्या बाजूचं पाणी ओढायला. तिथं ती अडकली. आता थोरल्याला चोरी बाहेर काढायची आहे, धाकट्याला मोटर परत पाहिजे. दोघांनी मामाला वेगवेगळे फोन केले. मामा खूश.

आमची टोळी म्हणजे तिघे. मारोतीमामा, त्याचा मुलगा गण्या आणि मी, बाल्या. विहिरीतून मोटरी काढतो, नदीतून बुडालेली माणसं काढतो. आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर, वरच्याच्या हातात दुसरं टोक. एक झटका: ठीक. दोन: सैल सोड. तीन: ओढ.

दोर माझ्या हातात होता. गण्या वाकणाच्या पुढे गेला आणि दोर दगडाला घासायला लागला. झटके येऊ लागले, एक, दोन, पुन्हा एक, कशाचा कशाला मेळ नाही. मी मोजत होतो. बाबाराव म्हणाले, "झटके देऊन राहिलंय की लेकरू! सोड, आण इकडं." मी "काका, थांबा" म्हणालो की नुसतंच "हाव काका" म्हणालो, ते मला नक्की आठवत नाही. दोर मी दिला एवढं नक्की. आठ जणांनी ओढला.

वाकणावर छताला फट आहे. दोर तिच्यात शिरला आणि ताणला. जितकं ओढलं तितका गण्या छताला दाबला गेला. चष्मा निघाला, तोंडातली नळी निघाली. पायाला बांधलेल्या विळ्याने त्याने दोर कापला आणि भिंत चाचपत बाहेर आला. वर आठ जण दोराचं तुटकं टोक घेऊन एकमेकांच्या अंगावर पडलेले.

गण्या सध्या लातूरला दवाखान्यात. छातीत पाणी.


बुधवार, १२ मार्च. लातूर.

गण्याला बोलायला परवानगी नाही, म्हणून तो जास्तच बोलतो.

"आत काय दिसलं?"

"काय दिसणार! दुधाचा चहा. पाय हालवला की गाळ वर."

"मग?"

"मग काय, दोर आला अन् मी चिकटलो छताला. पालीवानी." हसला, मग खोकला. खोकला थांबेना. नर्सने मला बाहेर काढलं.

मामी बाहेर बाकावर. मला म्हणाली, "तू व्हतास ना रे दोरावर?" 

शेजारच्या खाटेवर अहमदपूरचे एक गुरुजी आहेत, पायाला प्लास्टर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, आमच्याकडे जाधव म्हणून आहेत, नेव्हीत पाणबुडे होते, आता शेती करतात. विचित्र माणूस आहे, पण जा.


रविवार, १६ मार्च.

आज त्या वाडीत सत्कार होता. गण्याचा नाही. ओढणाऱ्यांचा.

मारुतीच्या पारावर सतरंजी, माईक. आठही जणांना टॉवेल, टोपी, नारळ. माझ्यासकट नऊ. बाबारावांनी छातीला हात लावून सांगितलं, "माज्या हातात दोर व्हता म्हून लेकरू वाचलं." टाळ्या. मग मामा उठला. मला वाटलं, आता बोलेल, बाप आहे. मामा म्हणाला, "गावानं जोर लावला, माज्या लेकाचा पुनर्जन्म झाला. राहिलेलं काम आम्ही पुरं करून देऊ."

राहिलेलं काम! पोरगा अजून दवाखान्यात आहे.

मी उठून बोलायला पाहिजे होतं. नारळ मांडीवर घेऊन बसून राहिलो. येताना एसटीत मामाला म्हणालो, "मामा, त्यांनी ओढलं म्हणून तो अडकला. दोर कापला म्हणून वाचला."

"गप. पाहुण्या गावात शहाणपण शिकवायचं नसतं."

"आपण आता एसटीत आहोत."

"मंग एसटीत बी गप."


मंगळवार, १८ मार्च. अहमदपूर.

जाधव सर. साठीच्या पुढचे, बनियनवर, कांद्याला पाणी देत होते. मी म्हणालो, बोगद्यातलं पोहणं शिकायचंय. त्यांनी फावडं खाली ठेवलं.

"कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग लवकर आलास. लोक मेल्यावर येतात."

सगळं ऐकून घेतलं. दोराचं ऐकताना डोळे मिटले होते. मग मला विहिरीच्या कठड्यावर बसवून जे बोलले ते जमेल तसं लिहितो. मी दहावीत गणितात गेलो, पण हे गणित समजलं.

१. उघड्या पाण्यात घाबरलं तर वर हवा आहे. बोगद्यात वर दगड आहे. म्हणून शिकायचं क्रमाने. आधी उघडं पाणी, पुष्कळ तास. मग जिथून उजेड दिसतो तेवढंच आत. मग गुहा. ते शेवटचं शिकवणारा माणूस इकडे त्यांच्या माहितीत नाही. ते स्वतः परदेशात शिकले आणि तरी फार वेळा परत फिरले.

२. हवेचे तीन वाटे. एक जायला, एक यायला, एक शिल्लक. शिल्लक स्वतःसाठी धरायची नाही, जोडीदाराची हवा गेली तर त्याच्यासाठी. भरताना १८० असेल तर १२० ला परत. मोटर हाताला लागलेली असली तरी परत.

३. तीन विजेऱ्या. दोन नळ्या. दोन कापायची हत्यारं. काटा खोटं बोलत असेल तर पाण्यात पाय नाही.

४. दोर. "तुमचा दोर माणसाला बांधलेला असतो. आमचा दोर दगडाला." बोगद्याच्या तोंडाशी बांधायचा, आत नेताना ठिकठिकाणी अडकवत न्यायचा, ताठ आणि फटीपासून लांब. परत येताना त्याच्यावर बोटांची कडी करून यायचं, डोळे गेले तरी. वर कुणाच्याही हातात टोक नाही.

"सर, मला हे शिकवाल?"

"तुला गुहेत जाणारा करणं माझ्या हातात नाही. कुठून परत फिरायचं एवढं शिकवीन."

"फी?"

"कांदे काढायला ये."


रविवार, ३० मार्च. पाडवा. अहमदपूर.

सणाच्या दिवशी घर सोडून आलो म्हणून आई चिडली. गुढी उभारून साडेसातची एसटी धरली.

सरांनी आंब्याच्या बागेत सुतळी बांधून ठेवली होती. या झाडाला, त्या दगडाला, पाइपाखालून, बाभळीच्या काट्यांमधून. माझ्या चष्म्यावर काळी चिकटपट्टी. सुतळीवर बोटांची कडी करून दुसऱ्या टोकाला जायचं आणि परत यायचं. जमिनीवर. हसू नका. (कुणाला सांगतोय मी?)

पहिल्या वेळी तिसऱ्या झाडाशी सुतळी सुटली. मी हात फिरवत चालायला लागलो. सर ओरडले, "थांब! सुटली की जागेवर थांब. एक हात जमिनीला. आता गोल शोध." चार मिनिटे लागली. अंगाला घाम. आजूबाजूला उन्हात कोंबड्या फिरतात, कानाला ऐकू येतंय, मोकळी हवा आहे, तरी घाबरलो. गण्याला तिथं काय झालं असेल ते आज थोडंसं कळलं.

काकू चहा घेऊन आल्या. "अहो, सणासुदीचं त्या लेकराला आंधळं करून झाडाला कामून धडकवून राहिलात?"

सर म्हणाले, "दगडाला धडकू नये म्हणून."

काकूंनी मला पुरणपोळी वाढली आणि म्हणाल्या, "यांचं ऐकू नकोस. आणि पाण्यात तर जाऊच नकोस."

सहाव्या वेळी बरोबर गेलो-आलो. कोपराला काटे.


रविवार, ६ एप्रिल. नांदेड.

नवीन काटा घेतला. दुसरी नळी जुनी पण दुरुस्त केलेली, हैदराबादहून. (सिलिंडर भरायला तसेही तिकडेच जातात, देगलूरच्या ट्रकवाल्याबरोबर.) विजेऱ्या तीन. कापायला दवाखान्यात वापरतात तशा दोन जाड कात्र्या, एक कमरेला, एक दंडाला. रिळावर पांढरा दोर, दर दहा फुटांवर गाठ, मीच मारली, तीनदा मोजून.

मामाने सगळं खाटेवर मांडलेलं पाहिलं.

"दोन-दोन नळ्या कशाला रे? तोंड एकच हाय ना?"

"एक बंद पडली तर."

"तीस वरसं झाली मला. माजी कधी बंद पडली न्हाई."

"तुझ्याकडे नळीच नव्हती, मामा. तू श्वास रोखून जायचास."

गण्या खुदकन हसला. मामा त्याच्याकडे बघून म्हणाला, "तू हस. तुज्या मामेभावानं दुकान मांडलंय." मी त्याचा मामेभाऊ नाही, आतेभाऊ. रागावला की मामा नाती चुकतो.

गण्या बरा आहे. जिना चढला की दम लागतो, तो लपवतो. मी मोजतो. मधल्या पायरीवर थांबून चप्पल नीट करायचं नाटक करतो.


रविवार, १३ एप्रिल. अहमदपूर.

सरांच्या शेततळ्यात सराव. खाली प्लास्टिक, त्याच्यावर बोटभर गाळ. पाय बेडकासारखे आडवे मारायचे, खाली नाही. खाली मारले की सगळं बंद. दोनदा मारले, दोनदा बंद.

मग चूक. १२० ला फिरायचं ठरलं होतं. सरांनी पाण्याखालच्या पाइपाच्या टोकाला स्टीलचा पेला ठेवला होता, तो दिसत होता. दोन हातांवर. काटा ११८. मी पुढे गेलो. पेला घेतला. १०५. खूश होऊन वळलो तर सरांनी मागून माझी नळी काढून घेतली आणि माझा दोर सोडवून ठेवलेला. दुसरी नळी तिसऱ्यांदा चाचपल्यावर सापडली.

वर आल्यावर पेला दाखवला.

"मेलास," सर म्हणाले. "चहा पी."

मी चिडलो. दोन हातांवर होता, सर. दोन हातांसाठी कोण परत फिरतं!

"तेच तर शिकवतोय गाढवा. सगळे दोन हातांसाठीच मरतात. लांबच्या वस्तूसाठी कुणी मरत नाही, तिथपर्यंत पोचतच नाही."

येताना अर्ध्या वाटेपर्यंत राग होता. नंतर राग सरांवरून माझ्यावर आला. मामाला मी काय तोंडाने बोलतो?


शनिवार, १९ एप्रिल.

बाबारावांचा फोन. पाणी उतरलंय, बोगद्याचं छत वीतभर उघडं पडलंय, म्हणजे आत वर हवा आहे. "आता तर काहीच न्हाई, डोकं वर ठेवून जायचं." मामा हाव हाव करत होता. पुढचा रविवार, २७ तारीख ठरली. गण्या जाणार.

मी सरांना फोन केला. सर इतके संतापले की मोबाईल कानापासून लांब धरला. ती हवा कोंडलेली आहे. महिनोन् महिने चिखलावरची. नळी तोंडातून काढून त्या हवेत एक श्वास घेतला की चक्कर, आणि चक्कर पाण्यात. "आणि पोरगा हमखास काढेल, कारण वर हवा दिसते."

मामाला हे सांगितलं. "हवा ती हवा," म्हणाला.

मी विचारलं, मग उपसा का नाही करत? दोन्ही विहिरींवर इंजिन लावा, तीन-चार दिवसांत तळ लागतो, चालत जाऊन मोटर आणता येईल. वीत-दोन वीत काय, सगळंच उघडं पडेल.

मामा म्हणाला, त्यांचा ऊस हाय. उपसा केला तर परत पाझरायला दहा दिवस. ह्या उन्हात दहा दिवस पाणी न्हाई दिलं तर ऊस वाळतो. अन् इंजिनाचं डिझेल कोण देणार? थोरला म्हणतो धाकट्यानं द्यावं, मोटर त्याची. धाकटा म्हणतो थोरल्यानं द्यावं, काढायची घाई त्याला.

म्हणजे हिशोब असा: एका बाजूला दहा दिवसांचं उसाचं पाणी. दुसऱ्या बाजूला गण्या. आणि गण्या गेला तर ते दोघा भावांनाही महाग वाटत नाही!


रविवार, २० एप्रिल.

गण्याशी भांडण. गच्चीवर, कपडे वाळत घालताना.

"तू जाऊ नको. जिना चढत नाही तुला."

"कोण म्हणतं?"

"मी मोजतो."

"तू मोजतच बस. एवढं शिकलास तर तूच जा की."

"मी पण नाही जाणार. शिकलो म्हणूनच नाही जाणार."

त्याने ओला टॉवेल माझ्या तोंडावर फेकला. "साहेब झाला तू. आबा म्हणतो, बाल्याला पाण्याचं भ्या बसलंय, आता कामाचा न्हाई राहिला." मग हळू आवाजात, "मला बी बसलंय भ्या. म्हून जायचंय. एकदा गेलो की निघंल."

मी टॉवेल उचलून दोरीवर वाळत घातला. 


शुक्रवार, २५ एप्रिल. सकाळी ८.

दोन्ही सिलिंडरची हवा सोडून दिली. अंगणात, सगळ्यांसमोर. पूर्ण उघडली नाही, हळूहळू, नाहीतर तोटीवर बर्फ धरतो. अकरा मिनिटे सूं सूं आवाज. आई दारात येऊन उभी. शेजारचे विचारतात गॅस फुटला का.

मामा मंजन करत बाहेर आला. बघत राहिला. थुंकला. "झालं का?"

"रविवारपर्यंत हैदराबादहून भरून येत नाही. मी ट्रकवाल्याला विचारलंय."

"लई हुशार." एवढंच. मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.


शनिवार, २६ एप्रिल.

माझ्या हुशारीचा परिणाम: मामाने मोंढ्याजवळच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर भाड्याने ठरवला. ट्यूबमध्ये हवा भरायचा. त्याला दोनशे फूट पाइप, टोक गण्याच्या दातात. टाकीत तेल, शेजारी इंजिनाचा धूर, तोच धूर आत ओढून गण्याच्या छातीत.

मी काय केलं? चांगली हवा फेकून दिली आणि वाईट हवा आणवली. सर म्हणतात एक अडचण आली की थांब, श्वास घे, मग हात हलव. मी आधी हात हलवतो.

आता मामाशी बोलून उपयोग नाही. उद्या पहाटे त्यांच्या आधी वाडीत पोचायचं. भावांशी बोलायचं. मी! दुकानात सुट्टे पैसे परत मागायला घाबरणारा.


रविवार, २७ एप्रिल. वाडी.

७.१०: बाबारावांच्या आखाड्यावर, शेतातल्या घरी. ते गोठ्यात. मी उभ्या उभ्या सांगितलं, त्या दिवशी तुम्ही ओढलं म्हणून गण्या अडकला.

त्यांच्या हातातला पेंढा तसाच राहिला. "सत्कार झालाय माजा."

"माझा पण झाला. मी पण चुकलो. दोर मी तुम्हाला द्यायला नको होता."

"तोंड सांभाळून बोल."

"काका, तो आत मेला तर विहीर बाटेल. पोलीस मोटर लावून सगळंच उपसतील. ऊस तेव्हा पण वाळेल." हे मी कुठून आणलं माहीत नाही. खरं आहे की नाही तेही माहीत नाही. पण ते खाली बसले.

"डिझेल?"

"निम्मं तुम्ही, निम्मं ते."

"त्यानं दिलं तर मी देतो."

८.००: बांध ओलांडून व्यंकटराव. दात घासत. "तो काय म्हणला?"

"तुम्ही दिलं तर देतो म्हणाले."

"मंग त्याला सांग, त्यानं आदी द्यावं. थोरला हाय ना."

परत बांध. परत हे. परत बांध. चार खेपा. दोघे एकमेकांना बांधावरून दिसत होते, पन्नास पावलांवर, आणि मी मधे. व्यंकटरावांच्या बायको ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तू दमलास. ह्यांचं असंच हाय. सासरे मेले तवा तिरडीचा बांबू बी निम्मा निम्मा आणलाय ह्यांनी."

चौथ्या खेपेला माझा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा. "डिझेल मी देतो! दोघांचं! फक्त चार दिवस उसाचं पाणी थांबवा!" कुत्री भुंकायला लागली. दोघांनीही ऐकलं, कारण दोघेही एकदम म्हणाले, "मंग चालतंय."

पैसे आहेत माझ्याकडे. मालवणकडे उघड्या पाण्याचा पहिला कोर्स करायला ठेवले होते, जूनच्या आधी.

९.३०: मामा आणि गण्या टेम्पोतून आले, कॉम्प्रेसर मागे बांधलेला. बाबारावांनीच सांगितलं, उपसा ठरलाय. मामाने माझ्याकडे पाहिलं. टेम्पोतून उतरलाच नाही. गण्या उतरला, विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिला. सुटल्यासारखा दिसला की चिडल्यासारखा, कळलं नाही.


बुधवार, ३० एप्रिल. वाडी.

दोन्ही इंजिनं काठावर, विहिरीबाहेर. आत पायरीवर ठेवू दिली नाहीत. त्यावरून दोन तास वाद. धूर खाली बसतो हे सांगायला सरांना फोन लावून दिला. सरांनी बाबारावांना काय सांगितलं माहीत नाही, पण त्यांनी फोन परत देताना माझ्याकडे आदराने नाही तरी सावधपणे पाहिलं.

पाणी बोगद्याच्या निम्म्यावर.


शनिवार, ३ मे.

व्यंकटरावांनी इंजिन बंद केलं. "ऊस पिवळा पडून राहिलाय." बंद केलं तर केलं, त्यांच्या बाजूला राहिलेलं पाणी बोगद्यातून पुन्हा थोरल्याकडे येतं. म्हणजे बाबारावांचं इंजिन आता दोघांचं पाणी उपसतं आणि माझं डिझेल जाळतं.

व्यंकटरावांच्या दारात जाऊन बसलो. जेवायच्या वेळीही उठलो नाही. त्यांच्या बायकोने माझं ताट ओट्यावर आणून दिलं आणि त्यांना आत सांगितलं, "ते इंजिन चालू करा, न्हाईतर तुमचं ताट बी तिथंच ठेवते." साडेतीनला चालू झालं.


सोमवार, ५ मे. वाडी.

तळ लागला. बोगद्यात गुडघाभर चिखल. तोंडाशी वाकून विजेरी मारली तर वाकणाच्या अलीकडेच मोटर दिसते, पाठ वर केलेली; त्या दिवशी गाळात गण्या तिच्यावरूनच पुढे गेला होता. बारा-तेरा पावलं. इतक्यासाठी.

वाकणावरची फटही दिसली. तिच्यात निळ्या दोराचा तुकडा अजून आवळलेला. मामाने तो पाहिला. खूप वेळ पाहिला. 

सगळा गाव कठड्यावर. सत्कारवाले आठही. गण्याने चप्पल काढली, पँट गुडघ्यावर केली. "आता काय, चालत जाऊन आणतो. द्या साखळी."

मी म्हणालो, आधी दिवा. कंदील काठीला बांधून बोगद्यात सरकवायचा. सरांनी बजावलेलं: दिवा विझला तर जायचंच नाही, आणि दिवा जळला म्हणून जायचं असंही नाही, आधी दिवसभर वारा खेळवायचा.

हसले सगळे. "पाण्यात न्हाई बुडाला, आता हवेत बुडतो का काय!" मामा हसला नाही. मामा म्हणाला, "लाव."

पाच पावलांवर ज्योत बारीक झाली, निळी झाली, गेली.

बाबाराव: "वारं हाय."

मामा: "पुन्हा लाव."

पुन्हा गेली. त्याच जागी.

गण्या शिडीवर, एक पाय चिखलात. "आबा, श्वास रोखून जातो. बारा पावलं हायत."

मला ओरडायचं होतं. ओरडलो नाही. मामाकडे पाहत राहिलो, कारण हे त्यानेच म्हणायला पाहिजे होतं, आणि तीस वर्षांत ते त्याने कुणालाच म्हटलेलं नाही. मामाने तिसऱ्यांदा कंदील स्वतः लावला, काच पुसून. स्वतः सरकवला. गेला.

"वर ये," मामा म्हणाला. गण्या आला नाही. "गण्या, वर ये म्हणलं ना." आला.

मग माझ्याकडे न बघता: "उद्या बघू. तुज्या त्या सराला विचार, वारं कसं सोडायचं."

कठड्यावरून कुणीतरी म्हणालं, भ्याले. मामाचे कान लाल झाले. उद्यापर्यंत हा असाच राहील की संध्याकाळी त्याच आठ जणांबरोबर बसून पुन्हा बदलेल, सांगता येत नाही. गण्याने चप्पल घातली नाही अजून.

खर्च, आजपर्यंत:
काटा, नळी, विजेऱ्या, दोर, कात्र्या: ११,३५०
डिझेल, दोन्ही इंजिनं, आठ दिवस: १४,२००
अहमदपूर, लातूर, वाडी येणं-जाणं: २,१६०
कोर्ससाठी शिल्लक: ९४०

देणं:
देगलूरचा ट्रकवाला, मागच्या खेपेला सिलिंडर भरून आणल्याचे: ३००
पंक्चरवाला, न वापरलेल्या कॉम्प्रेसरचं एक दिवसाचं भाडं: ८०० (मामा म्हणतो तू दे)
जाधव सर: दोन वाफे कांदे काढणं
बाबारावांचा ॲडव्हान्स: ५,०००. मामाने घेतलेला, दवाखान्यात गेला. परत करायचा की उद्या काम पुरं करायचं, ते मामाने अजून सांगितलेलं नाही.